पिशवीमागचा माणूस

नाना आधी पिशवी बघत आणि मग माणूस. पाहुणा दारात उभा राहिला की त्यांची नजर सरळ त्याच्या हातातल्या पिशवीवर जायची, तिथे जरा रेंगाळायची आणि मग सावकाश वर चढत चेहऱ्यापर्यंत पोचायची. नवख्या माणसाला वाटायचं, काय आणलंय तेच बघतोय हा गृहस्थ. त्यांच्या पुतणीला बघायला आलेल्या मंडळींनी तर त्यांना हावरट ठरवून टाकलं होतं. खरं कारण साधं होतं. नोकरीची बहुतेक वर्षं नानांनी विमानतळावर सामान तपासायच्या यंत्रापुढे काढली होती. पट्ट्यावरून पिशवी सरकायची, पडद्यावर तिच्या पोटातलं नारंगी-निळं चित्र उमटायचं आणि केंद्रीय दलातले हवालदार नाना ते चित्र वाचायचे. निवृत्त होऊन भूमला घरी आले, पण डोळ्यांची खोड काही निवृत्त झाली नाही.

त्यांची आणि आमची भिंत एकच. मी गावातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. संध्याकाळी परत येताना नाना ओट्यावर बसलेले असत आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून म्हणत, "बाई, आज पेपर आणले जनू तपासायला. गठ्ठा हाय." मी पिशवीतून वांगी काढून दाखवायची. त्यावर ते गंभीरपणे म्हणत, "मग वांगी लई दाटून भरल्याती." निम्म्या वेळा तरी ते चुकत. पण बरोबर आल्यापेक्षा चुकल्याचाच त्यांना जास्त आनंद व्हायचा, कारण मग आपण का चुकलो याचा शोध लावत बसता यायचं. त्या शोधात माझा चहा निवून जायचा, आणि मला निवलेल्या चहाचा मनापासून राग आहे.

वरवंट्याची गोष्ट मात्र ते रंगून सांगत. एकदा पडद्यावर एका पिशवीत काळंकुट्ट, भरीव, लांबुळकं काहीतरी दिसलं. पट्टा थांबला, शेजारचा जवान ताठ झाला, वरिष्ठांना हाक गेली. नानांनी मान वळवून बघितलं तर रांगेत एक नऊवारीतली म्हातारी पदर सावरत उभी. "म्या म्हणलं, साहेब, वरवंटा हाय ह्यो. साहेब म्हणं, वरवंटा म्हंजे काय? आता साहेबाला पाटा कुठनं आणून दावू?" म्हातारी परदेशात लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती आणि तिकडच्या मिक्सरवर तिचा भरवसा नव्हता. नियमाप्रमाणे वरवंटा मागेच राहिला. म्हातारी मात्र जाताना नानांच्या गालावरून हात फिरवून गेली. "मशीनला वरवंटा कळत न्हाय, बाई," असं म्हणून ते गोष्ट संपवत आणि आतून नानी ओरडत, "आन तुमास्नी मिक्सर कळत न्हाय!"

अशा या माणसाने एके दिवशी मला भिंतीवरून हाक मारली आणि आपण पुन्हा शिकायला लागल्याचं जाहीर केलं. नोकरीत असतानाच त्यांनी पत्राद्वारे बी.ए. केलं होतं. आता पदव्युत्तर अभ्यासक्रम, तोही ऑनलाइन, आणि विषय दहशतवादविरोध आणि अंतर्गत सुरक्षा. विद्यापीठ लांबच्या राज्यातलं, शिकवणं सगळं इंग्रजीत. नानींनी कपाळाला हात लावला. "ह्या वयात लोकं गुडघ्याचा इलाज शोधत्यात, ह्ये अतिरेकी शोधाय निघाले." गल्लीतल्या एकाने विचारलं, नाना, आता परत नोकरी लागणार का? नाना म्हणाले, नाही. मग बढती? ती कुठून मिळणार, निवृत्त झाल्यावर? मग कशासाठी? त्या माणसाला त्यांनी काहीबाही सांगून वाटेला लावलं, पण मला खरं कारण सांगितलं.

"आयुष्यभर पिशवीत काय हाय ते बघितलं, बाई. ती पिशवी माणूस कशापायी भरतो, ते मला कुणी शिकवलंच न्हाय. एका पोराला एकदा वायरी बघून आमी दिवसभर बसवून ठेवलं. कॉलेजचं पोरगं, रेडिओ बनवत हुतं. सोडताना म्हणलं, काका, माझ्यात तुमाला काय दिसलं? मला सांगताच येईना. तवापासनं डोक्यात हाय."

वर्गासाठी त्यांनी जागा निवडली ती पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी लगत. मोबाइलला रेंज तिथेच यायची. दार पत्र्याचं, ते लावलं की रेंज गायब. म्हणून दार सताड उघडं ठेवून, मुलाने पाठवलेल्या लॅपटॉपपुढे इस्त्रीचा शर्ट घालून नाना बसत. कॅमेऱ्यात त्यांच्या खांद्यामागे दार आणि दाराबाहेरची आमची गल्ली दिसायची. पाण्याचा टँकर, शाळेतून येणारी पोरं, शेजारची शेळी, असं सगळं त्यांच्या वर्गाने बघितलं. सायबर सुरक्षेच्या तासाला शेळीने ओट्यावर पाय ठेवला तेव्हा शिकवणाऱ्या सरांनी बोलणं थांबवून ती आत येते का याची वाट बघितली म्हणे.

पहिल्याच आठवड्यात नाना भिंतीवरून घाईघाईने बोलावते झाले. चेहरा असा की वाटलं, काही अघटित घडलं. "बाई, दहशतवादाची व्याख्याच ठरली न्हाय अजून! जगात कुणाचंच एकमत न्हाय म्हणं. मग म्या इतकी वर्सं उभा कशासाठी हुतो?" मी त्यांना सांगितलं की राज्यशास्त्रात बऱ्याच गोष्टींचं असंच आहे, आम्हाला त्याची सवय झालेली असते. त्यांना ते मुळीच पटलं नाही. मग दोन-तीन आठवडे ते भेटेल त्याला व्याख्या विचारत सुटले. पोस्टमनला विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. रसवंतीवाला म्हणाला, ज्याच्या भीतीनं गिऱ्हाईक येत न्हाय त्यो दहशतवादी. नानांनी ते इंग्रजीत करून माझ्याकडून दुरुस्त करून घेतलं आणि सरांना पाठवलं. सरांनी त्यावर वर्गात निम्मा तास चर्चा घेतली, याचा नानांना फार अभिमान होता.

त्या अभ्यासात दर आठवड्याला एका प्रश्नावर लिहायचं आणि शिवाय दोन सहाध्यायांच्या लिखाणाला उत्तर द्यायचं, असा नियम होता. नानांचं इंग्रजी खडबडीत, म्हणून ते मराठीत सांगत आणि मी उतरवून घेई. बँकेत सुरक्षा अधिकारी असलेल्या एका मुलीने दहशतवाद्यांच्या पैशाच्या वाटांवर लिहिलं होतं. त्यावर नानांनी सांगितलं, "लिवा. आदरणीय भगिनी, तुमचं लिखाण वाचून आनंद झाला. तुमच्याकडं पाऊसपाणी कसं हाय?" मी म्हटलं, नाना, इथे असलं लिहीत नाहीत. ते म्हणाले, "वळख न करता त्या पोरीची चूक कशी काढू?" शेवटी तसंच लिहिलं. सरांचा शेरा आला, कृपया मुद्द्यावर यावं. पण पुढच्या आठवड्यात त्या भगिनीने आपल्या गावच्या पावसाची खबर आधी कळवली आणि मग मुद्द्याचं लिहिलं.

एकदा जवळच्या गर्दीच्या ठिकाणाला कशाकशाचा धोका आहे ते तपासून अहवाल द्यायचा होता. नानांनी आमचा आठवडी बाजार धरला. कागद लावलेली पाटी छातीशी धरून ते बाजारात वाटा मोजत, बाण काढत हिंडू लागले. कांदेवालीला वाटलं, नगरपालिकेने अतिक्रमण काढायला माणूस पाठवला. तिने आरडाओरडा करून चार गाळेवाले गोळा केले, तेवढ्यात बंदोबस्तावरचा पोलीस येऊन विचारू लागला, नकाशा कशाला काढता? नाना अगदी खरं सांगायला गेले. म्हणाले, घातपाताचा अभ्यास चालू आहे. त्यानंतर त्यांना सोडवून आणायला मला कॉलेजातून जावं लागलं. वाटेत मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं, तर ते आपल्याच तंद्रीत. "बाई, म्या लई संशयास्पद दिसत हुतो न्हाय? नेमकं कशामुळं दिसत हुतो?" अहवालात त्यांनी लिहिलं की या बाजाराला सगळ्यात मोठा धोका ताडपत्र्यांवर लोंबणाऱ्या विजेच्या तारांचा आणि सुटलेल्या वळूचा आहे.

अशी सगळी गंमत चालली होती आणि शेवटच्या वर्षाच्या एका पेपराला ते प्रकरण झालं.

परीक्षाही घरूनच होती. कॅमेरा चालू ठेवायचा, खोलीत एकटं बसायचं, कुणाशी बोलायचं नाही, जागेवरून उठायचं नाही. कॅमेऱ्यातून एक संगणक प्रणाली उमेदवारावर नजर ठेवते आणि वावगं दिसलं की नोंद करते. रेंजच्या अडचणीमुळे दार उघडं ठेवायची परवानगी नानांनी लेखी मागून घेतली होती. नानी ओट्यावर राखणीला बसल्या होत्या. पण गिरणीत दळणाचा नंबर आल्याची हाक आली आणि त्या "आलेच" म्हणून डबा घेऊन गेल्या.

नेमका तेव्हा बहुरूपी आला.

हल्ली बहुरूपी फारसे दिसत नाहीत, म्हणून सांगते. सुगीच्या दिवसांत तो सोंग घेऊन दारोदार येतो. कधी डॉक्टर, कधी वनखात्याचा साहेब, बहुतेक वेळा फौजदार. खाकी कपडे, कमरेला पट्टा, काखेत छडी. दारात उभा राहून तो घरधन्यावर भलभलते आरोप ठेवतो. त्याला कुणी "पुढं जा" म्हणत नाही. घरधन्याने हात जोडून गुन्हा कबूल करायचा आणि सुपातून त्याच्या पिशवीत ज्वारी घालायची, अशी रीत. मग तो ऐटीत म्हणतो, "बरं, ह्या खेपेला सोडतो," आणि पुढच्या दारी जातो. माझे आजोबा तर गुन्हा कबूल करताना खरोखरच थरथर कापत असत आणि आम्ही पोरं हसून लोळायचो.

नानांनी नोकरीच्या धबडग्यात कित्येक वर्षं बहुरूपी बघितला नव्हता. मागून अचानक दरडावणी आली, "कोण हाय रं घरात? तुमच्या कोंबड्यानं सरकारी येळंच्या आधी बांग दिली, गल्लीची झोप चोरली! मांजरीनं शेजारच्या दुधावर दरोडा घातला! चला, बसा गाडीत!" आणि आंतरराष्ट्रीय कायद्यावरचं उत्तर लिहिता लिहिता नाना वळले, उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "गुन्हा कबूल हाय, साहेब." एवढ्यावर थांबले नाहीत. आत गेले, सूपभर ज्वारी आणली, त्याच्या पिशवीत घातली. "ह्या खेपेला सोडतो" ऐकून हसत परत खुर्चीत येऊन बसले. कॅमेऱ्याचा दिवा समोर जळतच होता. "हात आधी जोडले गेले, बाई," मला नंतर म्हणाले. "परीक्षा मागनं आठवली."

आठवड्याने विद्यापीठाचा मेल आला. सोबत प्रणालीचा अहवाल होता. खोलीत अनोळखी गणवेशधारी व्यक्तीचा प्रवेश. उमेदवाराशी संभाषण. उमेदवार जागा सोडून दृष्टीआड. परत आल्यावर वस्तूची देवाणघेवाण. त्यातही चौकशी समितीतल्या कुणाला तरी थोडंफार मराठी कळत असावं, कारण खाली वेगळा शेरा होता. उमेदवाराने गुन्हा कबूल केल्याचे ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येते. समितीपुढे हजर राहून खुलासा करावा आणि सदर व्यक्तीचा, तिचं नाव-ओळख यासह, लेखी जबाब सादर करावा, नाहीतर पेपर रद्द. पेपर रद्द म्हणजे पदवी हुकली. नाना अहवाल पुन्हा पुन्हा वाचत होते. "लई चांगला लिवलाय," ते म्हणाले. "म्या असतो तर म्याबी असंच लिवलं असतं."

तेव्हा बहुरूप्याला शोधणं आलं. नानांना हा शोध म्हणजे पर्वणीच वाटली. माग कसा काढायचा, कुणाला काय विचारायचं, हे सगळं ते दोन वर्षं वाचत होते. सुट्टीच्या दिवशी मलाही सोबत ओढलं. गल्लीतून कळलं, तो शेजारच्या वाशी गावाच्या दिशेने गेला. वाशीच्या बाजारात विचारलं तर फौजदार कुणीच बघितला नव्हता, पण एक डॉक्टर येऊन आडत्याची नाडी बघून गेला होता आणि त्याने रोज पहाटे बायकोच्या पाया पडण्याचं औषध लिहून दिलं होतं. पुढच्या गावात वनखात्याचा साहेब येऊन गेलेला. एकाच माणसाची तीन वर्णनं ऐकून नाना इतके खूश झाले की आपण कशासाठी फिरतोय तेच विसरले. "चेहरा कुणालाच आठवत न्हाय, बघा. समद्यांना कपडेच आठवत्यात." धाराशिवला त्याचे भाऊबंद उतरतात असं तिथे समजलं, म्हणून पुढच्या सुट्टीला आम्ही एस.टी.ने धाराशिव गाठलं.

तिथल्या बस स्थानकावरच नाना थबकले. बाकावर एक साधा माणूस बसला होता, पायजमा, फिका शर्ट, डोळ्यांत पेंग. मी तर दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. नाना मात्र त्याच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत होते. तिच्यातून छडीचं टोक वर आलं होतं आणि चेनच्या फटीत खाकी कापड दिसत होतं. नानांना सोंगाचा जबाब सोंगानेच द्यायचा मोह आवरला नाही. मागून जाऊन खांद्यावर हात ठेवला आणि जरबेने म्हणाले, "चला साहेब. आता तुमची अटक."

त्या माणसाच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. तो उठला, पिशवी छातीशी धरली आणि "काय केलं न्हाय, साहेब, कलाकार हाय मी, कार्ड हाय माझ्याकडं," असं म्हणत खिसे चाचपू लागला. कार्ड काही सापडेना. नानांनी त्याला धरून बसवलं, ओळख सांगितली, ज्वारीची आठवण दिली. तरी त्याचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. नानांचाही लागला. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी बघितलं नव्हतं.

कँटीनमध्ये चहा घेताना हे बहुरूपी साहेब बोलले. आम्ही त्यांना पुढेही साहेबच म्हणत राहिलो. मागच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याचा निरोप मोबाइलवर फिरत होता. त्यातच हे फौजदाराच्या वेशात एका गावात शिरले. पोरांनी धरून खांबाला बांधलं. कार्ड दाखवलं तर म्हणाले, खोटं आहे. शेवटी आजोबांपासून चालत आलेली सोंगाची बोली हे रडत रडत म्हणत राहिले, तेव्हा एका म्हाताऱ्याने ओळखलं आणि सोडवलं. "जुनी माणसं गुन्हा कबूल करायची," साहेब म्हणाले. "आताची पोरं व्हिडिओ काढत्यात. येकदा व्हिडिओत गावलो की कुठलं दार उघडणार? आन खाकी घातली म्हणून कायदाबी हाय म्हणं आमच्यावर." मग त्यांनी विचारलं, आमच्याकडं काय काम होतं? नाना चहाच्या ग्लासाकडे बघत म्हणाले, "काय न्हाय. तुमची याद आली. पुढच्या सुगीला या."

परतीच्या गाडीत मी भांडले. नुसतं नाव आणि दोन ओळींचा जबाब, एवढंच तर हवं होतं. विद्यापीठ काय त्यांना फासावर देणार होतं? नाना भूम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

समितीसमोर दुभाषी म्हणून मी शेजारी बसले होते. पडद्यावर तिघेजण. त्यांनी आधी चित्रफीत दाखवली. नाना स्वतःला बघत होते, हात जोडलेले, मान लववलेली, चेहऱ्यावर खुळं हसू. पिशव्या बघण्यात आयुष्य घालवलेला माणूस आता दुसऱ्याच्या पडद्यावर होता. मी बहुरूपी म्हणजे काय ते समजावलं. समितीतल्या बाईंना ते फार आवडलं, त्यांनी दोन प्रश्नही विचारले. दुसरे एक सभासद फौजेतले निवृत्त अधिकारी होते. ते सौम्यपणे म्हणाले, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, पण नोंदीला आधार लागतो. त्या माणसाचं नाव सांगा, विषय इथे संपेल. नानांनी पाणी मागितलं. मग माझी वाट न बघता स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, नाव मला माहीत आहे, पण ते मी देणार नाही. का, असं विचारल्यावर म्हणाले, तुमची फीत कुठे जाईल ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. पेपर रद्द झाला. पुढच्या तुकडीबरोबर पुन्हा द्यायची मुभा मिळाली.

"वर्ष गेलं तुमचं," मी चिडून म्हटलं.

"माझं वरीस गेलं, बाई. त्याची दारं गेली असती." मग थोड्या वेळाने, "त्या रेडिओवाल्या पोराला म्या काय सांगायला पायजे हुतं, ते आज कळलं. त्याच्यात कायच दिसलं नव्हतं. आमच्यातच हुतं."

मला तेव्हा वाटलं, समितीला विश्वासात घेतलं असतं तर दोन्ही साधलं असतं. खरं सांगायचं तर अजूनही अधूनमधून तसं वाटतं. पण साहेबांचं नाव मीही इथे लिहिलेलं नाही, हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल.

पुढच्या सुगीला साहेब आले तेव्हा नानांनी सगळी हकीकत हसत हसत सांगितली. साहेब हसले नाहीत. फक्त विचारलं, परत परीक्षा कधी?

परीक्षेच्या दिवशी मी नानांना शुभेच्छा द्यायला निघाले, तर ओट्यावर पूर्ण गणवेशात फौजदार बसलेला. कॅमेऱ्यात येणार नाही असा, भिंतीला टेकून, छडी आडवी धरून. दूधवाला बिचारा लांब उभा होता. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्याला छडीनेच खुणावून समोरच्या झाडाखाली बसवलं होतं. मला बघताच साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, म्होरं सरू नका. कलम लागंल." शेळीसुद्धा त्या दिवशी ओट्याकडे फिरकली नाही. नानी मात्र निश्चिंतपणे दळण आणायला गेल्या होत्या.

नाना पास झाले. पदवीचा कागद आला तो त्यांनी चौकटीत लावला नाही, कपाटात ठेवला. माझ्या आग्रहावरून कॉलेजात एकदा बोलायला आले. पोरांना बाँबच्या गोष्टी हव्या होत्या. नानांनी त्यांना एकमेकांची दप्तरं ओळखायला लावली, सगळे चुकले, आणि मग म्हणाले, "शक येनं वाईट न्हाय. शक आल्यावर आधी इचारा. धरू नका, आधी इचारा." तेव्हापासून माझ्या वर्गातला एखादा मोबाइलवरचा भडक निरोप घेऊन आला तर बाकीचे त्याला म्हणतात, "आधी इचारलंस का?" मीही विचारते. कधीकधी उत्तर मिळत नाही, पण विचारल्याशिवाय पुढे पाठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. ओट्यावर शेंगा निवडत बसले होते, हातातल्या शेंगा सुपात पडल्या, एवढंच. मला त्यांची आठवण रोज येते, आणि पिशवी खांद्यावर घेऊन घरी येताना सगळ्यात जास्त येते. ओट्यापाशी माझी पावलं आपोआप हळू होतात.

सुगीत एका रविवारी भिंतीपलीकडून ओळखीची दरडावणी आली. "नाना! फरारी आरोपी! निघा भाईर, वारंट हाय!" नाना गेल्याचं साहेबांना कुणीच कळवलं नव्हतं. कळवणार तरी कुठे? मी धावत बाहेर आले, तोवर नानी दारात पोचल्या होत्या. हाताला पीठ तसंच होतं.

"ते न्हाईत आता, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांचा छडी उगारलेला हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला, टोपी काढली आणि जायला वळले.

"थांबा," नानी म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि शिगोशीग भरलेलं सूप घेऊन आल्या. ते ओट्यावर ठेवलं, पदर सावरला आणि पिठाचे हात जोडले. "गुन्हा कबूल हाय, साहेब."

साहेबांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. ज्वारी पडत होती तोवर ते खाली बघत राहिले. मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, पाय जुळवून उभे राहिले आणि नेहमीच्या ऐटीत म्हणायला गेले, "बरं, ह्या खेपेला..." उरलेला शब्द नानींनीच म्हटला.